आप्पांचा पोटखराबा

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वाळू चाखत होते. कुरकुंभच्या एमआयडीसीत आमची औषधांचा कच्चा माल बनवणारी कंपनी. मी तिथल्या लॅबमध्ये नवीन लागलेली आणि आप्पा गेटजवळच्या वजनकाट्यावर. एका टँकरची पावती घ्यायला मी काट्याच्या केबिनमध्ये गेले, तर खाकी शर्टातला, वाळक्या अंगाचा एक माणूस तळहातावरच्या चिमूटभर वाळूला जिभेचं टोक लावून डोळे मिटून बसलेला. मी दारातच थांबले. थोड्या वेळानं डोळे न उघडताच ते म्हणाले, "खारट हाय. कच्छचीच हाय, पोरगं खोटं बोलत न्हाई." मग डोळे उघडून त्यांनी मला पाहिलं, जीभ आत घेतली आणि एकदम अदबीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या लॅबमधी नमुन्याच्या बाटल्या फेकून देत्यात, त्या कुणाला मागायच्या?"

त्या माझ्याकडेच मागायच्या होत्या. दर शनिवारी मी धुतलेल्या दहाबारा बाटल्या त्यांना नेऊन द्यायला लागले. गुजरात-राजस्थानातून येणाऱ्या प्रत्येक टँकरवाल्याला आप्पांचं एकच सांगणं असायचं, "आते टायम एक मूठ रेती लेके आना. घर के पास की. रस्ते की नै मंगता." ड्रायव्हर आधी एकमेकांकडे बघून हसायचे. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बहुतेक जण कागदाच्या पुडीत, गुटख्याच्या डबीत, एकानं तर बायकोच्या जुन्या ओढणीच्या गाठीत बांधून वाळू आणली. ती बाटलीत जायची आणि बाटलीला आमच्या लॅबसारखं लेबल लागायचं. नमुना क्रमांक, जागा, आणणाऱ्याचं नाव, तारीख. शेवटी 'निष्कर्ष' असा रकाना. त्यात आप्पा लिहायचे, 'चांगली', 'फार जुनी', 'हिनं समुद्र पाहिला आहे'. आमच्या लॅबच्या साहेबांनी एकदा ते वाचलं आणि मला म्हणाले, "तुमच्या रिपोर्टपेक्षा हे जास्त कळतंय."

बाडमेरकडचा एक ड्रायव्हर एकदा वाळू आणायला विसरला. आता म्हाताऱ्याला काय सांगायचं म्हणून त्यानं कँटीनमागच्या बांधकामाच्या ढिगातली मूठभर उचलली आणि आप्पांच्या टेबलावर ठेवली. "हमारे गाँव की है, चाचा." आप्पांनी खिशातून भिंग काढलं, दोन-चार दाणे कागदावर पसरले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "ये तो अपनी भीमामाई है." बिचाऱ्याचं तोंड उतरलं. आप्पा मात्र खूश. त्याला चहा पाजला, भिंग हातात दिलं आणि कच्छच्या बाटलीतले दाणे शेजारी पसरून दाखवले. नदीच्या वाळूला कोपरे असतात. वाळवंटातला दाणा गोल असतो, काचेसारखा चमकत नाही, धुरकट असतो. आप्पा म्हणाले, "पाणी दाण्याला कडंवर घेऊन जातं. वारा तसं करत न्हाई, त्यो एकमेकावर आपटून आपटून न्हेतो. हजारो वर्सं आपटल्यावर कुणाचं बी कोपरं ऱ्हात न्हाईत." हे सगळं त्यांनी हिंदीत सांगितलं, पण त्या हिंदीतलं निम्मं मराठीच होतं. पुढच्या खेपेला त्या ड्रायव्हरनं पाच किलोची पिशवी भरून वाळू आणली आणि बरोबर त्याच्या आईनं दिलेल्या वाळवलेल्या शेंगा.

आणि गंमत म्हणजे या माणसानं जन्मात वाळवंट पाहिलेलं नव्हतं. इकडे पुणे आणि तिकडे सोलापूर, यापलीकडे ते गेलेच नाहीत. जे काही माहीत होतं ते दौंडच्या वाचनालयातल्या पुस्तकांतून, वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून आणि शेवटी शेवटी मोबाइलवर. सहारात कधीकाळी तळी होती, पाणघोडे होते आणि तिथल्या कातळांवर पोहणाऱ्या माणसांची चित्रं आहेत, हे ते असं सांगायचे की शेजारच्या गावची बातमी सांगावी. जैसलमेरजवळ झाडांचे अख्खे बुंधे दगड होऊन पडलेत. सहाराची धूळ वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडते आणि पलीकडच्या जंगलाला खत होते. "आन् आपुन म्हणतो वाळवंटात काय पिकतंय!" हे वाक्य ते दर वेळी तितक्याच आश्चर्यानं म्हणायचे.

लाखो वर्षांशी रोजची ऊठबस असल्यामुळे त्यांचा काळाचा हिशेब जरा वेगळा झाला होता. वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीला ते 'परवा' म्हणायचे. "परवापतूर हितं शहामृगं हिंडत हुती." त्यामुळे कंपनीत कुणी "परवा गाडी येऊन गेली" म्हणालं की लगेच दुसरा विचारायचा, "आपला परवा का आप्पांचा?" आप्पाही हसायचे. कँटीनमध्ये ते जेवणाबरोबर पाणी प्यायचे नाहीत. सकाळी घरून एक तांब्या पिऊन निघाले की दुपारी दोनपर्यंत घोट नाही. "सवय पायजे अंगाला," म्हणायचे. कशाची सवय, कुठं जायचंय तुम्हाला, असं विचारलं की ताट उचलून धुवायला निघायचे. फुकटचा हट्टीपणा, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे. त्यांना ते आवडायचं.

माझं माहेर वडगाव रासाई. भीमेचा काठ, काळी जमीन, चारी बाजूंनी ऊस. जमीन म्हणजे काळी, ओली, नांगरटीला ढेकळं निघणारी, एवढंच मला माहीत. आमच्याकडे शिरूर काय आणि दौंड काय, दोन्ही तालुके अर्धे ओले आणि अर्धे कोरडे. पाटाचं पाणी पोचतं तिथं ऊस आणि पोचत नाही तिथं माळ. ओल्या बाजूची माणसं कोरड्या बाजूला मुलगी देताना दहादा विचार करतात. मला कोरड्या बाजूला दिलं, कारण मुलाकडे स्वतःचं पोकलेन होतं. त्यामुळे आप्पा कौतुकानं माळाबद्दल बोलायला लागले की मला वाटायचं, मिळालं नाही म्हणून हा माणूस आहे त्यालाच गोड म्हणतोय.

मिळालं नाही, ही माझी समजूत साफ चुकीची निघाली. ती हकिगत मला काकींनी सांगितली, म्हणजे आप्पांच्या बायकोनं. आप्पा तीन भावांतले धाकटे. आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं पहिला उचलायचा, म्हणजे पाडणाऱ्याला लबाडी करता येत नाही. थोरल्या भावानं, त्यांना सगळे आबा म्हणायचे, अगदी तोलून तीन वाटे पाडले. विहीर असलेला तुकडा धाकटा घेणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. पंच बसलेले, चहा झालेला, आणि आप्पा म्हणाले, "इहिरीचं तुम्ही दोघं बघा. मला पोटखराबा द्या. समदा."

सातबाऱ्यावर जी जमीन कसण्याजोगी नाही म्हणून नोंदलेली असते तिला पोटखराबा म्हणतात. त्यांचा पोटखराबा म्हणजे कंपनीपासून तासाभराच्या वाटेवरचा साडेचार एकरांचा उतार. मुरूम, चुनखडीचे खडे, कुसळ, तरवड आणि मधे एक ओघळ. पंचांपैकी एकानं आप्पांना पाणी पाजलं, ऊन लागलं असेल म्हणून. आबा तर रडले. "लोक म्हणत्याल थोरल्यानं धाकट्याला दगडं दिली," असं म्हणून त्यांनी तीन दिवस जेवण टाकलं. शेवटी त्या पोटखराब्याला लागून असलेला ज्वारीचा एक तुकडा त्यांनी आप्पांच्या नावावर बळंच चढवला. लोक म्हणायचं ते म्हणालेच. कुठल्याही लग्नात, दहाव्याला, सोसायटीच्या मीटिंगला कुणी ना कुणी आबांना ऐकवायचंच, आणि आबा मान खाली घालून ऐकायचे. काकी हे सांगताना डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "खुटबावच्या पाटावरची पोर मी. सासरी आले आन् हे बघा काय पदरात पडलं." मग मला चहा देताना त्याच म्हणाल्या, "पर माणूस लई चांगलाय."

एका मार्चमध्ये, रविवारी सकाळी, आप्पांनी मला तो पोटखराबा दाखवायला नेलं. कंपनीत मी 'मॅडम' असे आणि गेटबाहेर पडले की 'पोरी'. "पोरी, पाय उचलून टाक. आन् खाली बघ." मी खाली बघत होते आणि तरीही माझा पाय एका धाविकच्या अंड्यांवर पडता पडता राहिला. धाविक हा कोरड्या माळावरचा पक्षी. उंच पायांचा, मातकट रंगाचा, डोळ्यावर काळी-पांढरी रेघ. उडण्यापेक्षा पळायचीच हौस जास्त. घरटं वगैरे काही नाही, खड्यांमध्ये दोन अंडी ठेवलेली. बोटाच्या अंतरावर असून मला दिसत नव्हती. आप्पांनी मला ओघळीच्या कडेला हिवराच्या झाडाखाली बसवलं आणि दोन तास हलू दिलं नाही. पलीकडच्या जुन्या खाणीत थोडं पाणी साचलेलं होतं, तिथं पखुर्ड्या उतरल्या, कबुतराएवढे मातकट पक्षी. नर पाण्यात पोटापर्यंत जाऊन बसला, पिसं भिजवली आणि उडाला. पिल्लांसाठी तो पोटाच्या पिसांत पाणी घेऊन जातो. मी थक्क झाले. आमच्या वडगावात एवढी मोठी नदी, पण पाणी असं कुणी नेताना मी पाहिलं नव्हतं.

हे खूळ डोक्यात कधी शिरलं, असं मी तिथं बसल्या बसल्या विचारलं. आप्पा म्हणाले, "बारका हुतो. दुष्काळ पडला हुता. शेरडं घिऊन हितं यायचो. घरी गेलं की समदी रडत असायची. आन् हितं पखुर्ड्या निवांत. चिंकारा निवांत. फुरसं बी निवांत. मला वाटलं, ह्यास्नी काय तरी ठावं हाय, त्ये आपुन इसरलो."

मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर नखाएवढा एक तुकडा. सायीच्या रंगाचा, जाडसर, किंचित बाक असलेला आणि अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं. ओघळीत सापडलेला. शहामृगाच्या अंड्याचं कवच, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या एका प्राध्यापकांना दाखवलं तर ते म्हणाले होते, 'असू शकेल'. "मी म्हणलं, असू शकंल मला चालतंय." तेव्हा उत्तरेला बर्फच बर्फ होता, आपल्याकडे पाऊस रोडावला होता, नद्या बारीक झाल्या होत्या आणि हा सगळा मुलूख म्हणजे कोरडं गवताळ रान होतं. माणसं गारगोटीच्या बारीक पात्यांनी शिकार करायची. तसली पाती तिथं पायाखाली पडलेलीच होती, त्यांनी मला चार वेचून दाखवली आणि जिथली तिथं परत ठेवली. बायका शहामृगाच्या अंड्याचे मणी करून गळ्यात घालायच्या. "काकींना सांगितलंत का हे?" मी विचारलं. "सांगितलं. म्हणली, मंग मला बी एक माळ करून घाला."

परत निघताना ते ओघळीपाशी थांबले. चेष्टा नव्हती आता. म्हणाले, "पोरी, ह्यो एवढा तुकडा असाच ऱ्हायला पायजे. माझ्या माघारी काय व्हईल त्ये व्हवू दे. पर मी हाय तवर कुणी हात लावायचा न्हाई." त्या वेळी मला कळलं की दर मे महिन्यात आप्पा पंधरा दिवस रजा टाकतात ती कशासाठी. कंपनीत सगळ्यांना वाटायचं काकींना घेऊन कोकणात वगैरे जात असतील. मे महिन्यात गावचा पाझर तलाव आटतो, त्यातला गाळ काढून ज्याला हवा त्याच्या रानात टाकतात. मुरमाड रानावर दीड हात गाळ पडला की ते पिकाऊ होतं. आप्पांच्या साडेचार एकरांवर सगळ्यांचाच डोळा, तोही भल्यासाठी. सरपंच, भाऊ, पुतणे, सगळे म्हणायचे, आप्पा, फुकट आहे, टाकून घ्या. आप्पा छत्री घेऊन बांधावरच्या दगडावर बसायचे आणि येईल त्या डंपरला पुढं पिटाळायचे. शेवटची गाडी गेली की रजा संपवून कामावर हजर.

आप्पा रिटायर झाले त्याच वर्षी एप्रिलअखेरीला त्यांच्या छातीत दुखलं. पुण्याला नेलं, बायपास करावी लागली. तिथंच त्यांच्या मुलीकडे महिनाभर राहायचं ठरलं, काकी बरोबर. आणि मे महिना उजाडला.

आबा आमच्या घरी आले. तोपर्यंत मी त्यांना दुरूनच पाहिलेलं. ऐंशीला टेकलेले, काठी टेकत ओसरीवर बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझं पोकलेन तळ्यावरच हाय न्हवं? त्याच्या रानात गाळ टाकू. डाक्टर म्हणला, आता उन्हात हिंडायचं न्हाई. दारापुढं हिरवं दिसलं म्हंजी जीव रमंल त्याचा." नवरा म्हणाला, "आप्पांना इचारलं का?" आबांनी हातातली काठी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "माझं आता किती ऱ्हायलंय? जाताना डोक्यावर एवढं नको वाटतंय." आणि त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी नाही म्हणायला हवं होतं. त्या घरात आप्पांचं म्हणणं मला एकटीलाच माहीत होतं, तेही त्यांच्या तोंडून ऐकलेलं. पण आबांचा चेहरा बघून मी गप्प बसले. त्या दिवशी संध्याकाळी काकींचा पुण्याहून फोन आला, त्या म्हणाल्या, "त्यास्नी इचारू नका. करून टाका. एकदा पिकाय लागलं की गप बसत्याल." आणि खरं सांगू? मलाही ती जमीन काळी झालेली बघायची होती. वडगावची मुलगी मी. आजारातून उठलेल्या माणसाला चांगली माती द्यावी यापेक्षा मोठी भेट मला सुचतच नव्हती. फक्त नवऱ्याला म्हणाले, "वरची, ओघळीकडची पट्टी तेवढी सोडा." तो म्हणाला, "सोडतो." कंपनीत त्याच आठवड्यात ऑडिट होतं, मला जाऊन बघायला जमलं नाही. खरं तर जमवलं नाही.

त्यांनी काम इतकं मन लावून केलं की बोलायची सोय नाही. आप्पांचं रान म्हणून डंपरवाल्यांनी खेपा जास्त टाकल्या. पोकलेनवरचा पोरगा वरच्या पट्टीपाशी आला तेव्हा माझा नवरा जेवायला गेलेला. पोराला वाटलं, मधेच एवढंसं बोडकं कशाला ठेवायचं? त्यानं ओघळ भरून घेतली, हिवर काढून कडेला लावला, बकेट फिरवून सगळं सारखं केलं आणि वर आलेले दगड एकेक करून वेचून बांधाला लावले. आप्पांच्या पायाला लागायला नकोत म्हणून.

जूनमध्ये आप्पा आले. आबांनी सगळ्यांना बोलावलेलं. दोन्ही भाऊ, पुतणे, सरपंच, आम्ही दोघं. गाडी थेट रानाच्या कडेला नेली. काकींनी त्यांना हात धरून उतरवलं. साडेचार एकर काळंभोर, सपाट, एक काडी नाही की खडा नाही. आप्पा उभे राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हळूहळू खाली वाकले, चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली. "तळ्याचा हाय का?" त्यांनी विचारलं.

"तळ्याचाच," आबा म्हणाले. "दीड हात टाकलाय. आता कुणी काय म्हणणार न्हाई बघ."

आप्पांनी आबांकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, "लई चांगला हाय गाळ. कुणाला सुचलं?" आबा नुसते हसले. सरपंचांनी नारळ पुढं केला. आप्पांनी तो बांधाच्या दगडावर फोडला, पाणी चारी दिशांना शिंपडलं आणि खोबऱ्याचे तुकडे करून एकेकाच्या हातावर ठेवत गेले. माझ्यापाशी आले तेव्हा मी रडत होते. माझ्या हातावर तुकडा ठेवून ते पुढच्याकडे गेले.

त्यानंतर आप्पांनी सगळं रीतसर केलं. ज्वारी पेरली, पुढच्या वर्षी कांदा केला. दोन्ही वेळा रान झकास पिकलं. हुरड्याला आम्हाला बोलावलं. आबा खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कणसं दाखवत होते. आप्पा हसत होते, भाजत होते, वाढत होते. फक्त वाळवंटाचं बोलणं बंद झालं. मी मुद्दाम विषय काढला की म्हणायचे, "व्हय, असं म्हणत्यात खरं." काट्यावर आता दुसरा माणूस होता. ओळखीचे ड्रायव्हर अजून वाळूच्या पुड्या आणून त्याच्याकडे ठेवायचे, मी त्या आप्पांना नेऊन द्यायचे. "ठेव तितं," म्हणायचे. भिंग निघायचं नाही.

मला त्यांचं ते बोलणं इतकं हवं होतं की कधी कधी मीच जेवताना नवऱ्याला सहाराच्या तळ्यांबद्दल सांगायला लागायचे. सांगताना मधेच अडायचे, कारण पुढचं आप्पांना माहीत होतं, मला नाही. कांदा होता त्या वर्षी मार्चमध्ये मी एकटीच त्या रानाकडे गेले होते. कांद्याच्या सरींमधून धाविकची एक जोडी थोडी पळायची, थांबायची, परत पळायची. पुन्हा मी तिकडे मार्चमध्ये गेले नाही.

दोन वर्षांनी आबा गेले. दहावं झाल्यावर आठेक दिवसांनी आप्पांचा मला फोन आला. "पोरी, गाडी हाय का रिकामी? मला जरा हिंडवून आण."

कुठं जायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरकडे निघालो. आप्पा खिडकीतून बघत होते. ऊस. कांद्याच्या चाळी. ऊस. प्लॉटिंगचे बोर्ड आणि चुन्याच्या रेघा. एका उतारावर सगळीकडे सोलरच्या प्लेटा. मी आडरस्त्याला गाडी घातली, तिथं शेततळ्यांचे काळे कागद चमकत होते. दोन तास फिरलो असू. मग मी समोर बघतच विचारलं, "आप्पा, तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाहीत? मला रागवायचं तरी."

"राग आला हुता," ते म्हणाले. "लई आला हुता. तुझा बी आला. तुला तर समदं सांगितलं हुतं मी."

मी उगाच गिअर बदलला.

"पर आबाचं तोंड बघितलं का त्या दिशी? वाटणीपासनं पयल्यांदा त्यो मान वर करून उभा हुता. माझ्या दगडांपायी किती वर्सं त्यानं खाली मान घातली. म्या कवा इचारच केला न्हाई त्याचा. मंग नारळ न फोडून कसं चालंल?" मग म्हणाले, "आन् खाली हाय त्ये खालीच हाय. दीड हात म्हंजी काय? परवा-तेरवा निघंल वर."

हे माझ्यासाठी होतं, मला कळलं. पाती आणि शहामृगं थांबतील, त्यांना घाई नाही. धाविकच्या त्या जोडीला मात्र दरसाल मार्चमध्येच अंडी घालायला खडे हवे होते.

आणि तेवढ्यात तो माळ आला. कुठल्या गावाजवळ ते मी सांगणार नाही. एका चढानंतर वळण आहे, वळण संपलं की डाव्या हाताला एकदम काहीच नाही. गवत वाळून पिवळं झालेलं, मधून मुरूम, तरवडाची चार झुडपं आणि लांबवर एक हिवर. आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. त्यांनी काच खाली केली. कुठूनतरी पखुर्डीचा आवाज आला आणि त्यांचा चेहरा मला पुन्हा काट्यावरच्या केबिनमधला दिसला. मी माझं दार उघडायला लागले. "चला, उतरू या."

"नगं."

"अहो, एवढं आलोय तर..."

"नगं पोरी. आपुन उतरून हिंडाय लागलो की जाणारा-येणारा इचारणार, पाव्हणं, काय बघताय? आपुन काय तरी सांगणार. त्यो घरी जाऊन सांगणार. मंग कुणाला तरी काय तरी चांगलं करावंसं वाटणार. हितनंच बघ."

मग आम्ही गाडीतूनच बघत बसलो. पलीकडून एक धाविक धावत आला, थांबला, मान उंच केली, पुन्हा धावला. आप्पांचे ओठ हलत होते. इतक्यात मागून एक मोटारसायकल आली. हळू झाली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर पस्तिशीचा भला माणूस. खिडकीशी पाय टेकवून थांबला. "काय झालं बाबा? बंद पडली का गाडी? धक्का मारू का?"

आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या आप्पांनी झटकन खिशातून मोबाइल काढून कानाला लावला. "न्हाई न्हाई," ते हसून म्हणाले, "पोरीचा फोन आला हुता म्हणून थांबलो." तो माणूस मान हलवून पुढे गेला. पण थोड्या अंतरावर जाऊन त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, तसं आप्पा मला दबक्या आवाजात म्हणाले, "चल, काढ गाडी."

मी गाडी चालू केली. मोटारसायकल पुढच्या चढावर दिसेनाशी होईपर्यंत आप्पांनी तो बंद फोन कानाला धरून ठेवला होता. मधूनमधून "व्हय... व्हय..." म्हणत होते, आणि मान मागं वळवून, काचेबाहेर, त्या माळाकडे बघत होते.